नकाशा-विभाग, तळघर

सुरुवातीला चार शाळा होत्या, चार वॉर्डांच्या,
आणि चौघींचं एकमेकींशी पटत नव्हतं.
शेगडी वेगळी, कोळसा वेगळा,
दक्षिण वॉर्डाच्या बाईंना अर्धा पगार बटाट्यांत.
मग एका मार्चच्या रात्री, बग्ग्या चिखलात रुतवून,
दोनशे बारा विरुद्ध दोनशे आठ मतांनी
चारांचा एक जिल्हा झाला.
इतिवृत्तात पुढच्याच ओळीला भांडण आहे:
घंटा कोणाची ठेवायची.

ते बाड माझ्या टेबलाखाली असतं.
पाय टेकायला बरं पडतं.

मी आर्डिथ मोझली. ओहायोतल्या या काचेच्या गावात
एकतीस वर्षं पोरांची वाटणी करते,
ही गल्ली या शाळेला, ती त्या.
वर सुपरिंटेंडेंट बदलतात, गालिचे बदलतात.
खाली तोच बॉयलर, आणि त्याला खोकला.

भट्ट्या पेटल्या तशा शाळा उठल्या,
विटांच्या, तीन मजली,
एका दारावर कोरलेलं मुलगे, दुसऱ्यावर मुली.
मक्याची शेतं आम्ही गिळत गेलो,
शेतासकट त्यातली एकखोलीची शाळा,
तिचा हातपंप, सतरा पोरं,
आणि एक मास्तर, ज्यानं दोन वर्षं
आमच्या कुठल्याच पत्राला उत्तर दिलं नाही.
युद्धानंतर पाळणे इतके हलले
की चाकांवरच्या खोल्या मागवाव्या लागल्या,
दोन वर्षांपुरत्या.
त्या अजून उभ्या आहेत. चाकं तेवढी गेली.

काचेखालच्या जुन्या नकाशावर
एक रेघ रुळांच्या कडेनं नाकासमोर चालते,
आणि केसलर स्ट्रीटपाशी वाकडी होते,
तीन घरांना वळसा घालून पुन्हा सरळ,
जणू कुणी परकर उचलून डबकं टाळलं.
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी विचारलं,
इथे ओढा होता का?
मिस्टर स्टाउफर चष्मा पुसत राहिले.
म्हणाले, तू कुठे राहायचीस?
मी मधल्या घरावर बोट ठेवलं.
त्या दिवसापासून डब्यातला अर्धा केक ते मला देत,
रोज, निवृत्त होईपर्यंत.
उत्तर दिलं नाही.

पुढे कोर्टानं ती रेघ पुसायला लावली.
मीच खोडरबर चालवला.
नव्या नकाशाची शाई वाळायच्या आत
पलीकडच्या अंगणांत 'घर विकणे आहे'च्या पाट्या उगवल्या.
मग भट्ट्या विझल्या. एकोणचाळीस शाळांच्या सव्वीस उरल्या.
बंद झालेल्यांच्या टाचण्या मुरंब्याच्या बरणीत आहेत.
टाकवत नाहीत.

आणि आता पुन्हा खोल्या कमी पडतात.
रिकाम्या गिरणीत फ्लॅट झाले,
दुरून आलेली माणसं तिथे उतरली.
परवा म्वाजुमा नावाची बाई लेकीला घेऊन जिने उतरून आली.
वरच्यांनी पाठवलं होतं, कारण हद्द नेमकी
त्यांच्या फ्लॅटच्या मधून जाते.
नियम असा आहे:
पोर ज्या खोलीत झोपतं, तिकडची शाळा.

कुठे झोपतेस गं, फुराहा?
थंडीत स्वयंपाकघरात, हीटरजवळ.
उन्हाळ्यात पुढच्या खोलीत.
बाबा रात्रपाळीला गेले की त्यांच्या गादीवर,
पण ते आले की उठायचं.

फॉर्मवर चौकोन एकच.

मी पेन्सिल शोधत होते, तोवर ती काचेवर वाकली,
बोटानं जुनी रेघ धरून चालत निघाली,
रुळ, गोदाम, चर्च,
आणि केसलरपाशी थांबली.
इथे काय होतं?

माझं घर, मी म्हटलं.

तिनं बोट उचललं नाही.
बॉयलर खोकला. आईनं कागदांची पिशवी
या हातातून त्या हातात घेतली.
वरून फोन वाजत होता,
आकडे पाचच्या आत हवे होते,
आणि मला एवढंच सुचलं,
की डब्यात केक आहे का बघावं.